‘मिळून आला’: झडतीच्या पंचनाम्याचे व्याकरण

जालना जिल्ह्यात ‘पंचनामा’ हा शब्द दोन आवाजांत उच्चारला जातो. गारपीट झाली, कपाशी-सोयाबीन पाण्यात गेले, मोसंबीची फळगळ झाली, की अंबड-घनसावंगीपासून भोकरदन-जाफराबादपर्यंत लोक एकमेकांना विचारतात, ‘पंचनामा झाला का?’ या विचारण्यात आस असते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर यावेत, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेल्याचे कागदावर यावे, असे शेतकऱ्याला मनापासून वाटते. दुसरा पंचनामा पोलिसांचा. तो झाला का, असे कोणी विचारत नाही. तो होऊन गेल्याचे दबक्या आवाजात सांगितले जाते.

दोन्ही कागदांचा सांगाडा एकच आहे: जागा, वेळ, हजर माणसे, पाहिलेल्या गोष्टींची यादी, सह्या. पण पिकाच्या पंचनाम्याच्या वेळी शेतकरी बांधावर उभा राहून हुज्जत घालतो. ‘एवढंच नाही साहेब, खालचं वावरही बघा’ म्हणतो, आणि कित्येकदा त्याच्या हुज्जतीने आकडा बदलतो. झडतीच्या पंचनाम्यात घरचा माणूस असतो, पण बोलत नाही. निदान कागद तरी तसे सांगतो. या न बोलण्याचा शोध घेणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी वकील नाही. साहित्याचे वाचन करता करता कायद्याच्या कागदांकडे वळलो, आणि गेली काही वर्षे न्यायालयांच्या निकालांतून व फौजदारी वकिली करणाऱ्या स्नेह्यांकडून मिळतील तसे पंचनामे वाचत आलो आहे. अमुक आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवण्यासाठी मी ते वाचत नाही. मराठीत रोज लिहिला जाणारा, माणसाचे आयुष्य फिरवू शकणारा आणि तरीही समीक्षेने कधी हातात न घेतलेला हा गद्यप्रकार आहे, म्हणून वाचतो.

अटक अंगाची, झडती कशाची?

आधी कायदा नेमका काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्याकडे एक समज घट्ट बसलेला आहे: माणूस पकडला की त्याचे घर पोलिसांना आपोआप उघडे होते. कायद्यात तसे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ नुसार (जुन्या १९७३ च्या संहितेत कलम ५१) ज्याला जामिनावर सोडता येत नाही किंवा ज्याला जामीन देता येत नाही, अशा अटक केलेल्या माणसाची अंगझडती घेता येते. अंगावरचे आवश्यक कपडे सोडून बाकीच्या वस्तू सुरक्षित ताब्यात ठेवता येतात, आणि घेतलेल्या वस्तूंची पावती त्या माणसाला द्यावी लागते. स्त्रीची झडती स्त्रीनेच, शालीनतेची पुरेपूर काळजी घेऊन करायची. अटकेच्या जोरावर मिळणारा अधिकार मुख्यतः एवढाच. ज्याला पकडायचे तो एखाद्या घरात शिरला असेल तर त्याच्यासाठी ते घर शोधता येते, पण ती झडती माणसाची असते, कपाटाची नसते.

घरातल्या वस्तूंसाठी वेगळी वाट आहे. एक तर न्यायालयाचे वॉरंट हवे. नाहीतर कलम १८५ (जुने १६५) नुसार तपास अधिकाऱ्याला वाजवी कारण हवे, की तपासाला आवश्यक असलेली वस्तू तिथे आहे आणि विलंबाशिवाय ती दुसऱ्या मार्गाने मिळणार नाही. हे कारण, आणि शक्य तेथवर ती वस्तू कोणती, हे झडतीच्या आधी लिहून ठेवायचे. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. घरमालकाने अर्ज केला तर दंडाधिकाऱ्याकडून त्याला ती प्रत फुकट मिळते. किती घरमालकांना हे ठाऊक असते? पीक पंचनाम्याच्या यादीत नाव नसेल तर तहसीलला खेटे घालणारा माणूस घराच्या झडतीचे कारण मागायला न्यायालयात जात नाही, कारण असे काही मागता येते हेच त्याला कुणी सांगितलेले नसते.

इतर देशांनीही अंग आणि घर यांच्यामध्ये रेघ ओढण्याचा प्रयत्न केला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या चिमेल खटल्यात म्हटले, की अटकेबरोबर झडती घ्यायची ती त्या माणसाची आणि त्याच्या हाताच्या टप्प्यातल्या जागेची. सगळ्या घराची नाही. त्याच न्यायालयाने २०१४ च्या रायली खटल्यात पुढचे पाऊल टाकले: अटक केलेल्याच्या खिशातला मोबाईल उघडून पाहायचा तर एरवी वॉरंट हवे. आपल्या पंचनाम्यांत मोबाईल ‘एक काळ्या रंगाचा मोबाईल संच’ म्हणून कंगवा आणि तंबाखूच्या पुडीशेजारी एका ओळीत बसतो. पण घरातले फोटो, पत्रे, हिशेब, सगळे त्या संचात असते. कलम ४९ वस्तू ताब्यात ठेवण्याची भाषा करते. वस्तूच्या आत डोकावण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

दोन पंच आणि एक विशेषण

शब्दात ‘पंच’ असले तरी कायद्याला पाच माणसे नकोत, दोन पुरतात. १८९८ च्या संहितेत हा नियम कलम १०३ मध्ये होता: झडतीसाठी त्या वस्तीतले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत. १९७३ मध्ये तो कलम १०० झाला आणि ‘प्रतिष्ठित’च्या आधी ‘स्वतंत्र’ हे विशेषण आले. २०२३ च्या संहितेत तो पुन्हा १०३ या आकड्यावर येऊन बसला. सव्वाशे वर्षांत भर पडली ती मुख्यतः एका विशेषणाची, आणि वस्तीत कोणी मिळाले नाही किंवा तयार झाले नाही तर दुसऱ्या वस्तीतले चालतील या सवलतीची.

‘प्रतिष्ठित’ हा शब्द गावात आणून पाहावा. गावाबाहेरच्या पालावर झडती असेल तर प्रतिष्ठित रहिवासी म्हणून कोणाला बोलावले जाणार? पालावरच्या माणसाला की गावातल्या? गावातला आला, तर तो त्या पालाकडे कोणत्या नजरेने पाहतो? कायदा साक्षीदाराकडून निःपक्षपात मागतो. आणि प्रतिष्ठेची वाटणी तर गावाने आधीच करून ठेवलेली असते. ‘स्वतंत्र’ हे विशेषण बहुधा यासाठीच जोडावे लागले. पण विशेषण जोडल्याने माणूस स्वतंत्र होत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात सरकार पक्षाचा साक्षीदार आधीच्या खटल्यांतही पोलिसांच्या बाजूने उभा राहिलेला निघतो. तिथे प्रेक्षागृहात हशा पिकतो. कारण हा माणूस सगळ्यांना ओळखीचा वाटतो. पुढे महाराष्ट्रात गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचारी पंच घेण्याची पद्धत रुजली. असा पंच सहसा साक्ष फिरवत नाही, हे खरे. पण ‘वस्तीतला रहिवासी’ या शब्दांमागची मूळ कल्पना त्यात पातळ झाली. शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत सत्तेने घरात शिरावे, अशी ती कल्पना होती.

‘घेतली असता… मिळून आला’

आता मजकुराकडे वळू. कोणताही पंचनामा उघडला तरी वाक्याची घडण साधारण अशी सापडते: ‘पंचांसमक्ष सदर इसमाची झडती घेतली असता खालील वर्णनाचा व किमतीचा मुद्देमाल मिळून आला.’ मराठी व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य फार हुशार आहे. ‘घेतली असता’ या रचनेने शोधणे आणि सापडणे एकमेकांना चिकटवले आहे. मधला तास, दीड तास नाहीसा झाला. ‘मिळून आला’चा कर्ता मुद्देमाल आहे. हात कोणी घातला, आधी कोणी पाहिले, पंच तेव्हा उंबऱ्याच्या आत होते की बाहेर, घरची बाई कुठे उभी होती, यांतले एकही वाक्याला सांगावे लागत नाही. वस्तू जणू स्वतःहून चालत आली. पुढे उलटतपासात बचावाचा वकील नेमके हेच प्रश्न विचारतो. म्हणजे खटल्याच्या वेळी ज्याची सर्वाधिक गरज पडते, तेवढेच या गद्याने गाळलेले असते.

अनेक पंचनाम्यांच्या शेवटी, झडतीत कोणत्याही वस्तूची मोडतोड झाली नाही, कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत, अशा अर्थाचे वाक्य येते. घरच्या माणसाच्या दुखावण्याचा उल्लेख होतो तो नाकारण्यापुरता. खुद्द त्याला विचारून ते वाक्य लिहिले का, हे कागद सांगत नाही.

आरोपीला स्वतःचे वाक्य मिळते ते एका ठिकाणी: निवेदन पंचनाम्यात. ‘मी लपवून ठेवलेली वस्तू काढून देतो’ हे ते सुप्रसिद्ध वाक्य. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, पण तिच्यामुळे जे उघड झाले तेवढ्याशी निगडित भाग चालतो; पूर्वी साक्ष अधिनियमाचे कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये. म्हणजे आरोपीला बोलते करायचे ते त्याच्याविरुद्ध उपयोगी पडण्याइतकेच. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मधील रामानंद आणि सुब्रमण्य या दोन निकालांत बजावले, की पंचनाम्याच्या पहिल्या भागात आरोपीचे नेमके शब्द यायला हवेत. समीक्षकाला ही सूचना जवळची वाटावी. वेगवेगळ्या वयांच्या, जातींच्या आणि बोलींच्या माणसांची निवेदने एकाच कार्यालयीन मराठीत वाचायला मिळतात, तेव्हा ते शब्द नेमके कोणाचे, हा प्रश्न शैलीच्या अभ्यासकालाही पडायला हवा.

कागदाची भाषा कोणाची?

जालन्याला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. घरात मराठी, कागदावर उर्दू. कागद मराठीत आले ते नंतर. पण मुद्देमाल, जप्त, इसम, मजकूर, हजर, रूबरू आणि ‘पंचनामा’तला ‘नामा’ हे फारसी-अरबी वळणाचे शब्द जसेच्या तसे राहिले. ते मराठीच झाले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण तांड्यावर घरात गोरमाटी बोलणाऱ्या बाईला हा कागद वाचून दाखवला, तर तिला तो आजोबांच्या काळातल्या उर्दू कागदाइतकाच परका वाटू शकतो.

मराठीही अशी परकी होऊ शकते, हे दिल्लीत दिसले. २८ ऑगस्ट २०१८ रोजी भीमा-कोरेगाव प्रकरणाच्या तपासात पुणे पोलिसांनी देशभरात काही कार्यकर्त्यांच्या घरांच्या झडत्या घेतल्या, काहींना अटक केली. गौतम नवलखा यांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयापुढे मुद्दा आला, की बहुतेक कागद मराठीत आहेत. ते दिल्लीच्या दंडाधिकाऱ्याने कसे समजून घेतले? १ ऑक्टोबर २०१८ रोजी त्या न्यायालयाने त्यांना पुण्याला नेण्याचा आदेश रद्द केला. त्याआधी २८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तपासात हस्तक्षेप करायला नकार दिला होता, पण न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या मतभेदाच्या निकालपत्रात, पुणे महापालिकेचे कर्मचारी पंच म्हणून पोलिसांसोबत आल्याच्या मुद्द्याची दखल घेतलेली आहे. त्या खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. मला दिसतो तो कागद: पंच दुसऱ्या शहराचे, भाषा दुसऱ्या प्रांताची, आणि घर मात्र ज्याचे त्याचे. निजामाच्या काळात आपण ज्या बाजूला उभे होतो त्या बाजूला इथे दुसरे कोणी होते, आणि परकी भाषा आपली होती.

साहित्याने लिहिलेली उलट बाजू

पंचनाम्याने गाळलेले मराठी साहित्यात मात्र आलेले आहे. मराठवाड्यातच, लातूरकडचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले आणि १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोलीस घरात शिरतात तेव्हा आत काय होते, हे तिथे घरातल्या मुलाच्या डोळ्यांनी दिसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच संशयित ठरवलेल्या समाजांना १९५२ मध्ये कागदोपत्री मुक्त केले गेले. पण अमुक घर म्हणजे झडतीचे घर ही सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही, हे ‘उचल्या’मुळे मराठी वाचकाला कळले.

आपल्या समीक्षेचे वागणे मात्र मला अपुरे वाटते. ‘दाहक अनुभव’, ‘अस्सल भाषा’, ‘वेदनेचा दस्तऐवज’ असे शिक्के मारून आपण या आत्मकथनांना मोकळे केले. ‘दस्तऐवज’ म्हणालो, पण दस्तऐवजासारखे वाचले नाही. दस्तऐवज वाचायचा तर त्याच्या शेजारी दुसरा कागद ठेवावा लागतो. झडतीच्या प्रसंगाशेजारी पंचनाम्याचा साचा ठेवला की दिसते: आत्मकथनात कर्ता आहे, पंचनाम्यात कर्म, आत्मकथनात स्वयंपाकाची भांडी आहेत, पंचनाम्यात किंमत. आत्मकथनात क्वचितच तारीख, वेळ, यादी असते. पंचनाम्यात तेवढेच असते. दोन्ही अपुरे आहेत आणि एकमेकांना पुरे करतात. विश्वास पाटील यांनी धरणग्रस्तांच्या कादंबरीला ‘झाडाझडती’ हे नाव दिले, तेव्हा हा पोलिसी शब्द एका मोठ्या समूहाच्या उलथापालथीला लागला. मराठी वाचकाच्या मनात झडतीचा अर्थ कायद्याच्या पुस्तकापेक्षा रुंद आहे, याची ही खूण.

जालन्याची मोठी झडती

आमच्या शहराची अलीकडची सर्वांत गाजलेली झडती पोलिसांची नव्हती, आणि ती अटकेनंतरचीही नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर विभागाने जालन्यातल्या पोलाद उद्योगाशी संबंधित ठिकाणी छापे घातले. अधिकारी लग्नाच्या वऱ्हाडाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून आल्याच्या बातम्या झळकल्या. ५६ कोटींहून अधिक रोकड जप्त झाल्याचे जाहीर झाले. नोटा मोजायला किती तास लागले, याची चर्चा पुढे कित्येक महिने चहाच्या टपऱ्यांवर चालली.

त्या गोष्टीच्या रंगात एक फरक हरवला. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर अधिनियमातले कलम १३२ झडतीचा अधिकार देत होते, आणि त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात, ज्याच्या ताब्यात वस्तू सापडल्या त्या माणसाची शपथेवर विचारपूस करून जबाब नोंदवण्याची तरतूद होती. तो जबाब त्याच्याविरुद्धही वापरता येतो, हे खरे. पण प्रश्न लिहिला जातो, उत्तर लिहिले जाते. ‘ही रोकड कोणाची?’ यावर घरमालकाचे म्हणणे कागदावर येते. कोट्यवधींची रोकड सापडलेल्या घराला झडतीच्या वेळी बोलायला जागा आहे. पत्र्याच्या खोलीत एक मोटारसायकल आणि दोन मोबाईल ‘मिळून आले’, तर त्या पंचनाम्यात ‘ही गाडी माझ्या मेव्हण्याची, कागद त्याच्याकडे आहेत’ हे वाक्य लिहायला रकानाच नाही. ते वाक्य पुढे जामिनाच्या अर्जात येते, वकील परवडला तर.

नियम मोडला तर?

एवढे नियम आहेत, तर ते मोडल्यावर काय होते? उत्तर निराश करणारे आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध नटवरलाल सोनी या मुंबईतल्या सोन्याच्या प्रकरणात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की झडती बेकायदा होती असे मानले तरी त्यामुळे जप्ती आणि पुढचा तपास रद्द होत नाही. ही भूमिका सर्वसाधारणपणे आजही टिकून आहे: पुरावा बारकाईने तपासा, पण फेकून देऊ नका. मोठा अपवाद अमली पदार्थांच्या कायद्याचा. त्यातल्या कलम ५० नुसार अंगझडतीपूर्वी माणसाला सांगावे लागते, की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा त्याला हक्क आहे. १९९९ च्या बलदेव सिंग निकालात घटनापीठाने हे सांगणे बंधनकारक मानले. म्हणजे एका कायद्यात तरी झडतीच्या आधी माणसाशी बोलावे लागते. बाकी ठिकाणी नियमांची राखण न्यायालयापेक्षा कागद वाचणाऱ्यावर अधिक अवलंबून आहे, आणि वाचणारे थोडे.

नव्या संहितेचे कलम १०५ आता कॅमेरा घेऊन आले आहे. जागेची झडती, जप्ती, यादी करणे आणि पंचांच्या सह्या यांचे दृक्‌श्राव्य चित्रण करायचे, शक्यतो मोबाईलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. हे पाऊल चांगलेच आहे. ‘घेतली असता’ आणि ‘मिळून आला’ यांच्यामध्ये हरवलेला तास कदाचित त्यात परत मिळेल. पण दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. कलमाचे शब्द जागेच्या झडतीबद्दल आणि वस्तू ताब्यात घेण्याबद्दल आहेत. अटकेनंतरच्या अंगझडतीचा त्यांत उल्लेख नाही. आणि चित्रणाची प्रत घरच्या माणसाला तिथेच द्यावी, असे ते कलम म्हणत नाही. यादीची प्रत द्यावी लागते, चित्रणाची नाही. कॅमेरा शोधणाऱ्याच्या हातात असतो. तो कुठे वळवायचा हेही शोधणाराच ठरवणार, जसे वाक्याचा कर्ता कोण हे लिहिणारा ठरवत आला.

कायदा बदलण्याची वाट न पाहता एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. झडतीच्या वेळी हजर राहण्याचा हक्क घरातल्या माणसाला कलम १०३ देतेच. पंचांच्या सहीची यादी मिळण्याचाही देते. छापील नमुन्यात सह्यांच्या वर तीन-चार ओळींची मोकळी जागा ठेवावी आणि तिथे लिहावे: ‘घरातील हजर व्यक्तीचे म्हणणे, तिच्याच शब्दांत.’ सक्ती कसली नको. बोलायचे नसेल तर ‘काही सांगायचे नाही’ एवढे लिहावे, कारण गप्प राहण्याचाही हक्क असतो. गाडी मेव्हण्याची असेल तर ती मेव्हण्याची आहे, हे त्या दिवशी, त्या तासाला, शेजाऱ्यांसमक्ष लिहिले जाईल. खोटे असेल तर तेही तिथेच अडकेल. तपासाला त्याने बाधा येत नाही. झाली तर मदतच होईल.

बांधावरच्या पंचनाम्यात शेतकऱ्याच्या हुज्जतीने तलाठ्याचा अधिकार कमी होत नाही, फक्त आकडा खऱ्याच्या जवळ जातो. घरातल्या पंचनाम्याला तेवढी हुज्जत सोसायला हरकत नसावी.